भट्टीवरची नानकटाई

नानकटाई म्हणजे मैदा, तूप आणि पिठीसाखर एवढ्यांवर उभे राहणारे, पाण्याचा थेंबही न घालता भाजलेले गोड बिस्किट. मराठी घरांत ती दोन वाटांनी आली. एक वाट बेकरीच्या काचेच्या बरणीतून विकत घेण्याची. दुसरी घरचे सामान डब्यांत भरून बेकरीत न्यायचे, तिथल्या भट्टीवर नानकटाई भाजून घ्यायची आणि डबा भरून घरी आणायचा, या रिवाजाची. ही दुसरी वाट आता बरीचशी मोडली आहे. तरी दिवाळीच्या फराळात चिवडा, चकली, करंजीच्या पंक्तीत हा भाजलेला पदार्थ येऊन बसला तो मुख्यतः तिच्यामुळे.

नानकटाईचे मूळ गाव म्हणून सुरतेचे नाव घेतले जाते. डच ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेत 1616 च्या सुमारास वखार घातली आणि 1825 मध्ये ती इंग्रजांच्या हवाली केली. या दोन शतकांत वखारीतल्या गोऱ्यांसाठी पाव भाजणाऱ्या भट्ट्या सुरतेत चालत होत्या. परंपरा अशी सांगते, की डच निघून गेले तेव्हा एक भट्टी फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी कामगाराच्या हाती आली. पाव खाणारे गिऱ्हाईक कमी झाले आणि पाव शिल्लक राहू लागला. तो वाळून कडक झाल्यावर मात्र लोक आवडीने चहात बुडवून खाऊ लागले. मग दोटीवालांनी मुद्दाम वाळवलेली बिस्किटे काढली आणि त्यांच्या जोडीने, स्थानिक गोडाच्या चवीला जवळची अशी नानकटाई. त्या काळी पाव फुगवायला ताडी वापरत. ताडी आणि अंडे दोन्ही टाळणाऱ्या गिऱ्हाइकाला चालेल असा हा माल होता.

गोष्ट नेटकी आहे. पण दोटीवाला बेकरी आपली स्थापना 1861 ची सांगते आणि डच गेले 1825 मध्ये. मधली छत्तीस वर्षे गोष्टीत कुठे मावत नाहीत. शिवाय नानकटाईच्या जातकुळीतली बिस्किटे सुरतेच्या पश्चिमेलाही सापडतात. अफगाणिस्तानात खताई नावाचे कुलचे करतात. इराणात हरभऱ्याच्या पिठाची, तूप-साखरेत मळलेली, तोंडात विरघळणारी छोटी बिस्किटे नवरोजला लागतातच. अरब देशांतली घुरैबा ही तूप, साखर आणि पीठ यांचीच. उलट हॉलंडमध्येही लोण्यात मळलेली, वाळूसारखी भुरभुरीत बिस्किटे जुनी आहेत. सुरत हे इराणी आखाताशी आणि हॉलंडशी एकाच वेळी व्यापार करणारे बंदर होते. तेव्हा नानकटाईची कल्पना इराणकडची आणि बंद भट्टीचे तंत्र युरोपचे, असे मानणे एका कामगाराने एके दिवशी लावलेल्या शोधापेक्षा जास्त पटण्याजोगे आहे. सुरतेचा खरा वाटा नानकटाईला बाजारचा माल बनवण्याचा. तिथून ती मुंबईला आली, समुद्रापार ब्रह्मदेशातही पोहोचली. तिथे आजही ती जवळपास याच नावाने विकली जाते.

महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात मात्र भट्टी नव्हती. चुलीवर उकडणे, तळणे, भाजणे, परतणे सगळे होई. चहूबाजूंनी कोरडी आच लावण्याची सोय तेवढी नसे. अपवाद थोडे आणि मजेदार आहेत. विदर्भात गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत रोडगे भाजतात. पाठारे प्रभूंच्या घरांत भानोले करताना पातेल्याच्या खाली आणि झाकणावर निखारे ठेवत. गोव्यात बेबिंकाचा एकेक थर वरून निखाऱ्यांची आच देऊन भाजत. पण ही सगळी एकेका जिन्नसापुरती केलेली तजवीज. ब्राह्मणी किंवा मराठा घरात पीठ, तूप आणि साखर एकत्र आली की त्यांचे शंकरपाळे व्हायचे आणि ते तळले जायचे. तेच तीन जिन्नस कोरड्या आचेवर ठेवले तर काय होईल, हे पाहायला दुसऱ्याच्या दारात जाणे भाग होते.

आणि तो दुसरा कोण, हा प्रश्न साधा नव्हता. गोव्यात पोर्तुगिजांच्या काळात पाव भाजण्याचा धंदा ख्रिस्ती पोदेरांच्या हाती आला. मुंबईत एकोणिसाव्या शतकातल्या अनेक बेकऱ्या गोवेकरांच्या, पुढे इराण्यांच्या आणि मुसलमानांच्या होत्या. यांच्या हातचा पाव खाणे म्हणजे धर्म बुडवणे, अशी समजूत हिंदू घरांत पक्की होती. ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींना बोलावून चहा-बिस्किटे दिली गेली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि मोठे ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक दोघांनाही प्रायश्चित्ताच्या भानगडीतून जावे लागले. एक कप चहा आणि एखादे बिस्किट यांवरून एवढे रामायण झालेल्या शहरात पन्नासएक वर्षांनी सदाशिव पेठेतल्या बायका डबे घेऊन बेकरीत रांग लावत होत्या, हा बदल लहान नाही.

मधल्या काळात व्यापाऱ्यांनी दुसरा उपाय शोधला होता. दिल्लीत 1898 मध्ये हिंदू बिस्किट कंपनी निघाली आणि तिने आपला माल हिंदू हातांनी बनवलेला म्हणून विकला. पुण्यात साठे यांची बिस्किटे आली. मुंबईत 1929 मध्ये विलेपारल्यात गोळ्या-मिठाईचा कारखाना सुरू करणाऱ्या पार्ले कंपनीने 1939 मध्ये बिस्किटे काढली. कारखान्याचा माल यंत्रावर होतो, हात लागत नाही, ही जाहिरात सोवळ्याच्या शंकेला आणि स्वच्छतेच्या शंकेला एकदमच उत्तर देई.

नानकटाईला हे उत्तर आणखी सोपे होते. जुन्या व्यवहारात पाण्यात शिजवलेले अन्न कोणाच्या हातचे चालेल याचे नियम कडक होते. तुपात केलेल्या अन्नाला बरीच सूट होती. नानकटाईत पाणी नाही, अंडे नाही, ताडी नाही. उरली शंका फक्त सामानाची: तूप कसले, साखर कसली, पिठाला हात कोणाचा. सामान घरचे नेले की तीही मिटली. आज या रिवाजाची आठवण काढताना घरी भट्टी नव्हती म्हणून लोक बेकरीत जात, एवढेच सांगितले जाते. ते अर्धेच कारण आहे. भट्टी दुसऱ्याची आणि जिन्नस आपले, या तोडग्यामुळे विटाळाचा आणि भेसळीचा असे दोन्ही प्रश्न भांडण न करता बाजूला सरले. भेसळीची भीती तर विटाळाच्या भीतीपेक्षा जास्त टिकली.

भट्टीवाले कोण होते हेही पाहण्याजोगे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणच्या यझ्द आणि केरमान भागांतून दुष्काळाला आणि जाचाला कंटाळून आलेली मंडळी मुंबईत आणि पुण्यात उतरली. कोपऱ्यावरच्या जागा घेऊन त्यांनी चहाची दुकाने आणि बेकऱ्या घातल्या. मुंबईतले कयानी अँड कंपनी 1904 चे, ग्रँट रोडचे बी. मेरवान 1914 चे; पुण्याच्या लष्कर भागातली कयानी बेकरी 1955 ची. पुण्यातली ही बेकरी ज्या श्रूजबेरी बिस्किटांसाठी ओळखली जाते, ती नावाने इंग्लंडमधल्या एका गावची आणि चवीने नानकटाईची चुलत बहीण. तालुक्याच्या गावांत उत्तर प्रदेशातून किंवा केरळातून आलेल्या कारागिरांनी भट्ट्या चालवल्या. ज्या गावात बेकरी आली, त्या गावात हळूहळू भट्टीवरची नानकटाई सुरू झाली, असाच साधारण क्रम दिसतो.

लाकडावरची भट्टी म्हणजे विटांची, कमानीच्या छताची बसकी खोली. तळाला लाद्या, पुढे लोखंडी दार, आत माणूस वाकूनही जाणार नाही इतकी कमी उंची. लाकूड पेटवून लाद्या आणि छत तापवायचे, निखारे बाजूला ओढायचे आणि साठलेल्या उष्णतेवर माल भाजायचा. सर्वांत कडक आच पहाटे, तेव्हा पाव. पाव निघाला की आच उतरायला लागते. त्या उतरत्या आचेवर आधी खारी आणि मग बिस्किटे, नानकटाई, शेवटी टोस्ट वाळवणे. म्हणून घरची नानकटाई नेण्याची वेळ नेहमी दुपारची असे. बेकरीवाल्याला ती का परवडत असे, याचेही उत्तर यातच आहे: त्याची भट्टी तापलेलीच होती आणि पाव निघून गेल्यावर त्या आचेला दुसरे मोठे काम नव्हते. किलोमागे ठरावीक मजुरी मिळे, वर सणाच्या दिवसांत गिऱ्हाईक बांधले जाई.

रिवाजाचा तपशील गावोगाव थोडा बदले. काही ठिकाणी घरून पीठ मळूनच न्यायचे, काही ठिकाणी सगळे सामान सुटे. सुटे नेले तर मळण्याचे काम बेकरीतला कारागीर करी आणि घरातले कोणीतरी शेजारी बसून राही, कारण आपल्या तुपातला चमचा इकडेतिकडे होऊ नये. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात नंबर लावावा लागे. पत्रे, म्हणजे भट्टीत घालायची काळी पडलेली लोखंडी तबके, बेकरीचे. कोणाचा पत्रा कोणता हे कळावे म्हणून कडेला नावाची चिठ्ठी किंवा खडूची खूण. एखादी जागरूक गृहिणी प्रत्येक गोळ्यावर चारोळीचा एकच दाणा किंवा बोटाचा ठसा ठेवी, म्हणजे अदलाबदल झाली तर ओळख पटावी. कारागीर लांब दांड्याच्या फळीने पत्रे आत सारी, मधूनच एखादा ओढून रंग पाही आणि पुन्हा ढकली. निघालेली नानकटाई पत्र्यावरच निववायची. मग तुपाचा किंवा तेलाचा रिकामा चौकोनी डबा कागद घालून भरायचा. घाईने गरम भरली तर वाफ धरते आणि खालचे थर सकाळपर्यंत मऊ पडतात. हे नुकसान प्रत्येक घराने एकदा तरी सोसलेले असे.

रिवाज एकट्या हिंदू घरांचा नव्हता. मुंबईत वांद्र्याच्या ख्रिस्ती घरांतून नाताळच्या केकचे भरलेले साचे गल्लीतल्या बेकरीत जात. मुसलमान वस्त्यांत ईदेच्या आधी नानकटाईसाठी तशीच गर्दी होई. भट्टी एकच असे, फक्त महिने निराळे.

नानकटाईचे सगळे कौशल्य फेसण्यात आहे. थिजलेले तूप परातीत घेऊन तळहाताच्या गादीने एकाच दिशेने घासत राहायचे, पिठीसाखर थोडी थोडी घालायची. पिवळसर तूप पांढरे होत जाते, हलके होते, परातीला चिकटायचे थांबते. झाले की नाही ते पाहायला त्याचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकतात. तरंगला तर हवा भरली, बुडाला तर अजून हात चालवायचा. मग मैदा, त्यात रवाळपणासाठी थोडा रवा आणि खमंगपणासाठी थोडे बेसन, चिमूटभर खायचा सोडा, वेलदोडा आणि जायफळ. प्रमाण साधारण एक वाटी तुपाला एक वाटी पिठीसाखर आणि दोन वाट्या पीठ. पीठ घातल्यावर मळायचे नाही, नुसते गोळा करायचे. तुपाचा लेप बसलेले पीठ चिवटपणा धरत नाही, म्हणून नानकटाई तोंडात पडली की विरते. जास्त मळले की तोच गोळा दाताशी भांडतो. तूप पातळ केलेले असेल तर नानकटाई पत्र्यावर पसरून पुरीसारखी चपटी होते. गोळ्याचा पृष्ठभाग आचेने आधी वाळतो आणि आतला सोडा नंतर फुगवतो, त्यामुळे वर भेगा पडतात. भेगा न पडलेली नानकटाई जुन्या जाणत्या बायका नापास करीत.

भट्टीतून निघताना ती मऊच असते, निवल्यावर कडक होते. हे न कळल्यामुळे नवशिक्या हातांनी नानकटाई जितकी करपवली आहे तितकी वाईट आचेनेही करपली नसेल.

तुपाचे काय झाले, हा या इतिहासातला स्वतंत्र भाग आहे. 1937 मध्ये ‘डालडा’ या नावाने वनस्पती तूप बाजारात आले. ते मुंबईत शिवडीच्या कारखान्यात तयार होई. साजूक तुपापेक्षा ते पुष्कळ स्वस्त होते. उन्हाळ्यातही ते थिजलेले राही, आणि नानकटाईला नेमके तेच हवे होते. ज्या घरात डालड्याला चिवड्याच्या फोडणीतही जागा नव्हती, तिथेही नानकटाईसाठी त्याचा पिवळा डबा येऊ लागला. चवीत साजूक तुपाची सर त्याला नव्हती, हे खरे. पण नानकटाई श्रीमंतांच्या ताटातून चाळीतल्या खोलीत आणली ती डालड्यानेच, हेही तितकेच खरे. पुढे अशा तुपातली ट्रान्स-फॅट हृदयाला घातक ठरली आणि भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तिच्यावर 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा घातली.

टंचाईनेही भट्टीवर भाजून आणण्याचा रिवाज वाढवला. दुसऱ्या महायुद्धात मुंबईत 1943 मध्ये रेशनिंग सुरू झाले. धान्य आणि साखर कार्डावर मोजून मिळू लागली आणि विकतचे गोड महाग झाले. पुढच्या दशकांत दिवाळीला रेशनवर जादा साखर, रवा, मैदा मिळे. त्या पिशव्यांतल्या मैद्याचा एक हिस्सा शंकरपाळ्यांना आणि एक नानकटाईला जाई. घरचे सामान न्यायच्या पद्धतीत बेकरीवाल्याला कोटा लागत नसे, तो भार गिऱ्हाइकाच्या कार्डावर असे.

भट्टी घरात आणण्याचे प्रयत्न समांतर चाललेच होते. कढईत वाळू किंवा जाड मीठ घालून ती तापवायची, आत रिंग, रिंगेवर ताटली, वर घट्ट झाकण. शिट्टी आणि रबर काढलेल्या कुकरमध्येही तेच. खालची आच जास्त आणि वरची कमी, त्यामुळे बूड लाल आणि माथा पांढरा, ही या भट्ट्यांची सही. मग अॅल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आला, झाकणाला काचेची खिडकी असलेला. तो शेजारपाजारी मागून नेला जाई. त्याच काळात पाककृतींची मोजमापे घरगुती झाली. 1970 मध्ये निघालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी आणि चमचा यांचे प्रमाण देऊन नवख्या हातांना जो भरवसा दिला, तो भाजण्याच्या पदार्थांना विशेष उपयोगी पडला, कारण तिथे अंदाजपंचे चालत नाही. 1990 नंतर काट्याने तापमान ठरवता येणारे ओव्हन मध्यमवर्गीय ओट्यावर आले आणि डबे घेऊन बेकरीत जाणे कमी होत गेले. कारखान्याच्या बिस्किटांनी स्वस्ताईत केव्हाच बाजी मारली होती.

2020 च्या टाळेबंदीत हे ओव्हन पुन्हा तापले आणि त्यांतून घरगुती बेकरीचा छोटा धंदा फोफावला. वार्षिक उलाढाल 12 लाखांच्या आत असलेल्यांना केवळ साध्या नोंदणीवर तो करता येऊ लागला होता. या धंद्यात वाढदिवसासाठी काडीवरच्या बिस्किटांची टूम आली: जाडसर लाटलेल्या पिठाच्या आकारात आइस्क्रीमची चपटी काडी आडवी खुपसून भाजायची, वर साखरेच्या रंगीत लेपाने चित्र काढायचे. काडी आधी पाण्यात भिजवली तर ती करपत नाही. नानकटाईचे पीठ मात्र काडीवर टिकत नाही. त्यात तूप इतके असते की बिस्किट काडीभोवती चिरते आणि उचलताच सुटून पडते. त्यासाठी अंड्याने किंवा दुधाने बांधलेले, कमी तुपाचे, लाटता येणारे पीठ लागते. म्हणजे जी खुसखुशीतता नानकटाईची खरी किंमत, तीच सोडावी लागते. दिसायला काडीचे बिस्किट सरस असेल. खाण्यात ते नानकटाईच्या जवळपासही येत नाही.

लाकडावरच्या भट्ट्यांचेच दिवस आता भरत आले आहेत. मुंबईच्या हवेच्या प्रश्नावर उच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2025 रोजी लाकूड आणि कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा विजेसारख्या स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. महापालिकेने त्याप्रमाणे नोटिसा काढल्या. मोडक्या फर्निचरची लाकडे जाळणाऱ्या भट्ट्या वस्तीतल्या हवेला बाधतात, यात शंका नाही. बेकरीवाल्यांची तक्रार खर्चाची आणि पावाच्या चवीची आहे. पावाबद्दल ती काही अंशी खरी असेल, कारण कडक पावाची कवची जबर आचेवर धरते. नानकटाईचे मात्र लाकडावाचून काही अडत नाही. तिला धूर कधीच लागत नव्हता. पाव निघून गेल्यावरची मंद, उतरती आच तेवढी लागत होती, आणि 160 ते 170 अंशांवर लावलेला कुठलाही ओव्हन ती देतो.